पहिल्या भांड्याचा मान

कानियो गेल्याची घंटा वाजली तेव्हा दोनाता कोंबड्यांना दाणे टाकत होती. इटलीच्या डोंगरातल्या मोंतेस्पिनोत बाईमाणसाची घंटा वेगळी, पुरुषाची वेगळी, आणि पुरुषांमध्ये तरी या आठवड्यात जाण्यासारखा दुसरा होता कोण? नाताळपासून तो अंथरुणाला खिळला होता. दोनाताने छातीवर क्रूस काढला आणि तिची नजर आपसूक त्या जाड्या पांढऱ्या कोंबडीवर गेली. मग तिला स्वतःचाच राग आला. कोंबडीकडे बघायचं आपल्याला काय कारण? त्या घराशी आपला काय संबंध?

संबंध काय ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कानियो आणि अर्कांजेला यांचा एकुलता एक मुलगा मिकेले. त्याच्या बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेऊन उभी राहिली होती ती दोनाता. पोराला असं धरलं की ती बाई पोराची धर्मआई होते हे तर झालंच, पण त्याहून मोठं म्हणजे ती पोराच्या आईची कुम्मा होते. कुम्मा सख्ख्या बहिणीच्याही एक पायरी वर. बहीण काय, आईबापांनी दिलेली असते, तिच्यात आपलं काही चालत नाही. कुम्मा आपण निवडतो, आणि एकदा निवडली की तिची खोड असो की तिचा स्वयंपाक, दोन्ही मरेपर्यंत गोड मानून घ्यायचे. बहिणी भांडल्या तर गाव हसतं. कुम्मा भांडल्या तर मात्र गाव गप्प होतं.

दोनाता आणि अर्कांजेला यांच्यात चौदा वर्षं विस्तव जात नव्हता.

भांडण कशावरून, तर डुकरावरून. हिवाळ्यात डुक्कर कापलं की त्या घरातून कुम्माकडे ताट जातं. चरबीच्या जाळीत गुंडाळलेली कलेजी, रक्ताची गोड खीर आणि पाठीचा एक चांगला तुकडा. त्या वर्षी अर्कांजेलाकडून आलेल्या ताटात पाठीचा तुकडा नव्हता. दोनाताने रुमाल उचलून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलून पाहिला. नव्हताच. तिने कलेजी खाल्ली, खीर खाल्ली, ताट घासूनपुसून लख्ख केलं आणि परत पाठवलं ते रिकामं. मोंतेस्पिनोत ताट रिकामं परत जात नाही. दोन अंडी ठेवतात, मूठभर अक्रोड ठेवतात, घरात काहीच नसेल तर लसणाचा एक गड्डा ठेवतात. पुढच्या रविवारी चर्चमध्ये अर्कांजेला दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तेव्हापासून दोघी एकाच गल्लीत, हाकेच्या अंतरावर, एकमेकींकडे न बघता राहिल्या. मोठ्या शहरात हे जमतं. इथल्या गल्लीत दोन गाढवं समोरासमोर आली तर एकाला उलटं चालत मागे जावं लागतं, तिथे दोन बायकांनी चौदा वर्षं नजर चुकवायची म्हणजे काय कष्ट पडले असतील, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

आता कानियो गेला होता, आणि पहिलं भांडं दोनाताचं होतं.

मयत झालं की त्या घरातली चूल विझते. गॅस आला तरी हा नियम हलला नाही, गॅसही बंद करतात. माती होईपर्यंत घरच्यांनी कॉफीवर राहायचं. दफनभूमीतून परत आलं की जेवण गल्लीतून येतं, तीन दिवस. पण गल्लीने असं वाटेल तसं उठून जायचं नाही. पहिलं भांडं कुम्माचं. तिने ते नेऊन ठेवायचं, घरच्या बाईने त्यातला पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांची वाट मोकळी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरात चूल पुन्हा पेटवायची तीही जिचं पहिलं भांडं असेल तिनेच. पहिल्या भांड्यात कोंबडीचा पांढरा रस्सा आणि त्यात बारीक शेवया. टोमॅटो नाही, मिरची नाही. शोकाच्या घरात लाल काही नेत नाहीत.

आणि तेवढंच महत्त्वाचं, पण कुणी बोलून न दाखवलेलं असं आणखी एक होतं. भांडं परत आलं, म्हणजे भरलेलं परत आलं, तर कुम्माचं नातं संपलं. भांडं गेलंच नाही, तरीही संपलं. चौदा वर्षांच्या अबोल्याने जे तुटलं नव्हतं ते या एका दिवसात तुटणार होतं किंवा जुळणार होतं, आणि तेही गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांच्या देखत.

माती दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दोनाता गेली, मागे उभी राहिली. काळी शाल डोक्यावरून घेतलेली अर्कांजेला तिच्या समोरून गेली, आणि तिची नजर दोनातावरून अशी फिरली जशी ती चर्चच्या खांबावरून फिरते. मिकेले ऑस्ट्रेलियात, त्याला विमान मिळायचं होतं. नवऱ्याच्या बाजूचं कुणी उरलं नव्हतं. पेटीमागून अर्कांजेला एकटीच चालत होती, आणि फादर एजीदिओंना सर्दी झाली होती म्हणून प्रार्थनाही भरभर उरकली.

घरी येऊन दोनाताने रस्सा गाळला. हो, कोंबडी तिने आदल्या संध्याकाळीच कापली होती. "कापायचीच होती," असं ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली. रस्सा गाळून झाला, शेवया मोडून ठेवल्या, पांढरं फडकं इस्त्री करून ठेवलं, आणि मग ती खुर्चीत बसली ती बसलीच.

सावेरिया दार न वाजवता आत आली. ती शेजारची, दुसऱ्याच्या घरात दार वाजवून जाणं तिला अपमानासारखं वाटतं.

"काय ठरवलंस?"

"कशाचं?"

"कशाचं म्हणे. माझे वाटाणे शिजून बसलेत. लूचाने बटाटे केलेत. पलीकडच्या त्या दोघींनी तर दोन-दोन भांडी झाकून ठेवलीत. तू उंबरा ओलांडलास की आम्ही निघतो."

"मग निघा की. मी काय तुमचे पाय बांधलेत?"

"तुझ्याआधी? वेडी का खुळी गं तू?"

"तिने बोलवावं," दोनाता म्हणाली.

सावेरियाने तिच्याकडे नीट बघितलं. "मयताच्या घरातून आमंत्रण येतं होय? छापील हवं का?"

"सकाळी बघितलंस ना, माझ्याकडे कशी बघत होती ती."

"नवरा पुरत होती बाई. तुझ्याकडे कशी बघणार, हसून?"

"तिने परत पाठवलं तर?"

"तर परत पाठवलं. मग तू तुझ्या घरी, ती तिच्या घरी. आत्ता तरी काय वेगळं आहे?" सावेरियाने रश्शाचं झाकण उचलून वास घेतला आणि जरा नरम झाली. "चांगला झालाय. जा, दोनाता. वाटाणे गार झाले की दगड होतात."

ती गेली. दोनाता उठली नाही. रस्सा गार होईल म्हणून तिने तो पुन्हा चुलीवर ठेवला. उकळी आली, उतरवला. ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, जमिनीवरून पलंगाच्या पायाशी गेलं. ती मनाशी म्हणाली, चारची घंटा झाली की जाते. घंटा झाली, तेव्हा म्हणाली, जरा लोक पांगू देत. लोक कुठे होते? गल्ली रिकामी होती. सगळ्या बायका झाकलेल्या भांड्यांशेजारी बसून याच दाराकडे कान लावून होत्या. दोनाताला हे कळत होतं, आणि त्यामुळे ती आणखीच जड झाली. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. राग चौदा वर्षं तिला छान सोबत करत आला होता. आज नेमका तो कुठे गेला होता कुणास ठाऊक, आणि त्याच्या जागी ही भीती येऊन बसली होती.

शेवटी तिने शेवया टाकल्या, भांडं पांढऱ्या फडक्यात बांधलं, गाठ घट्ट आहे ना ते दोनदा पाहिलं आणि दार उघडलं.

त्याच वेळी अर्कांजेलाच्या घरातून लीस्बेत बाहेर पडत होती.

ही लीस्बेत म्हणजे दोनाताच्या वरच्या अंगाला राहणारी हॉलंडवाली. एका उन्हाळ्यासाठी म्हणून आली होती, अमेरिकेला गेलेल्या कुणाचं तरी पडकं घर घेतलं, आणि राहिली. उंच, हाडापेराने मजबूत, कुणालाही जिन्यावर सामान चढवायला मदत करणारी. तिला सगळं समजून घ्यायचं असे. भाकरीवर क्रूस का काढता, झाडू उंबऱ्यावर का टेकवत नाही, संत रोक्कोच्या मिरवणुकीत कुत्रा पुढे का असतो. गावातल्या लोकांना अशा प्रश्नांची उत्तरं देताना घाम फुटे. दोनाताला मात्र आवडे. आपल्या स्वतःच्या मुलानेसुद्धा, जो तोरिनोत असतो, तिला इतकं कधी विचारलं नव्हतं. गेल्या शरदात चर्चचा म्हातारा घंटावाला गेला तेव्हा दोनातानेच तिला ऐटीत सांगितलं होतं, "आमच्याकडे शोकाच्या घरी चूल पेटत नाही. गल्ली जेवण नेते. आम्ही कुणाला उपाशी ठेवत नाही." कोण आधी, कोण नंतर, आणि लाल नाही, हे तिने सांगितलं नव्हतं. घरात शिरायचं ते दारातून, खिडकीतून नाही, हे कुणी कुणाला सांगतं का?

"मावशी!" लीस्बेत खाली उतरत आली. तिच्या हातांत ओव्हनचे जाड मोजे होते, आणि बाकी काही नव्हतं. ती पुस्तकातून भाषा शिकली होती, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी इस्त्री केल्यासारखं असे. "मीही जेवण नेले. तुम्ही सांगितले होते तसे."

"काय नेलंस?"

"लझान्या. मोठा ट्रे. भरपूर टोमॅटो घातले."

दोनाताने भांडं छातीशी धरलं. "तिने... घेतलं?"

"खाल्ले. दोनदा वाढून घेतले. बोलल्या काही नाहीत. नंतर माझा हात बराच वेळ धरून बसल्या." मग तिचं लक्ष पांढऱ्या फडक्याकडे गेलं. "तुम्हीही निघालात का? थांबा, मी दार उघडते."

"नको," दोनाता म्हणाली. "मी नुसती बाहेर आले होते."

तोवर खिडक्या उघडू लागल्या होत्या. एकीने आत कुणाला तरी सांगितलं, "घास घेतला गं, घेतला!" आणि बघता बघता गल्लीत भांडी निघाली. वाटाणे, बटाटे, भाजलेली कांदापात, पावाची चळत. सावेरिया दोनाताच्या समोरून गेली, तिच्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं, आणि वाटाणे सांभाळत पुढे गेली.

दोनाताने घरात जाऊन फडक्याची गाठ सोडली. इतका चांगला रस्सा ओतून देववेना, म्हणून ती तो उभ्या उभ्या प्यायली. शेवया फुगून लगदा झाल्या होत्या. दोनदा वाढून घेतलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. नवऱ्याची माती पडल्या दिवशी लाल खाल्लं, आणि तेही दोनदा. मला दाखवायला, दुसरं काय. बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही. पहिला घास नाइलाज म्हणून समजू, दुसरं वाढप कशासाठी होतं? ते माझ्यासाठी होतं. असं मनात घोळवता घोळवता तिला तिचा जुना राग परत सापडला, आणि तिला जरा हुशारी वाटली.

गावात पुढचे दोन दिवस हाच विषय. टपरीवरच्या पुरुषांनी फादर एजीदिओंना विचारलं, लाल भांडं धरायचं की नाही. फादर नाक शिंकरत म्हणाले की रश्शाबद्दल चर्चचं काही म्हणणं नाही. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारलं. तिला ऐकू कमी येतं, पण निकाल देण्यात ती कुणाला हार जाणारी नाही. "भरवलं कुणी?" तिने विचारलं. "हॉलंडवालीने," तिच्या कानात ओरडून सांगितलं. "मग ती कुम्मा," म्हातारी म्हणाली. "त्यात विचारायचं काय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी लीस्बेत दोनाताच्या दारात उभी होती. चेहरा पडलेला.

"मला सावेरियांनी सगळे सांगितले," ती म्हणाली. "मी फार मोठी चूक केली. मी त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागते आणि तो मान तुम्हाला परत देते."

"परत देतेस? तो काय चुकून घातलेला स्वेटर आहे?"

"पण मला क्रम ठाऊक नव्हता. तुम्ही सांगितला नव्हता."

"तू विचारला नव्हतास. झाडूचं विचारलंस, कुत्र्याचं विचारलंस."

लीस्बेतने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "आज संध्याकाळी चूल पेटवायची आहे म्हणे. मला येत नाही. माझ्याकडे बटण आहे."

हे ऐकून दोनाताला हसू आलं असतं, पण आलं नाही. पहिली आग विझली तर वर्षाच्या आत त्या घरातून आणखी एक पेटी निघते, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मानतात. घरात उरली होती ती फक्त अर्कांजेला.

"इथे माझ्या चुलीवर शिकवता येईल," दोनाता म्हणाली, आणि लगेच थांबली. येणार नव्हतं. प्रत्येक घराच्या धुराड्याची तऱ्हा वेगळी असते, आणि अर्कांजेलाचं धुराडं म्हणजे गावातलं सगळ्यात खोडकर. वारा डोंगराकडून असला की धूर उलटा घरात येतो. आज वारा डोंगराकडूनच होता. त्या धुराड्याला कसं मनवायचं हे तीन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक परवा पुरलं, दुसऱ्याला आज चुलीला हात लावायची मनाई, आणि तिसरी इथे खुर्चीत बसली होती.

"मी येते," ती म्हणाली. "दारापर्यंत."

संध्याकाळी ती निघाली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. रिकाम्या हातांनी त्या गल्लीतून चालणं तिला इतकं अवघड गेलं की तिने शालीचं टोक धरून ठेवलं. दारापर्यंत आल्यावर लीस्बेत तिचा दंड धरून आत गेली, आणि दोनाताला हात सोडवून घेता आला असता, पण तिने घेतला नाही.

अर्कांजेला विझलेल्या चुलीसमोर कोट घालून बसली होती. घर चांगलंच गारठलं होतं. मागे सावेरिया उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, कुणीतरी साक्षीला हवं म्हणून, असं ती नंतर सांगत असे.

"ही कशाला आलीय?" अर्कांजेलाने लीस्बेतला विचारलं.

"मला पेटवता येत नाही. त्यांना येते."

"मग तोंडाने सांगू दे. हात लावायचा नाही." तिने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. दोनाता बसली.

तिने तोंडाने सांगितलं. आधी लाकडं नको, आधी गवताची पेंडी. पेटव आणि चुलीत टाकू नकोस, वर धर, धुराड्याच्या तोंडाशी. आणखी वर. हात भाजत नाही, घाबरू नकोस. आधी आतला गारठा वर जाऊ दे, मग आग जाईल. पहिली पेंडी नुसती धूर करून संपली आणि सगळ्याजणी खोकल्या. सावेरियाने क्रूस काढला. दोनाताचे हात मांडीवरून आपोआप उठले, आणि तिने ते परत मांडीवर दाबून ठेवले.

"दुसरी घे," ती म्हणाली. "डावीकडे धर. डावीकडे एक वीट बाहेर आलीय, तिच्या खाली."

दुसऱ्या पेंडीचा धूर क्षणभर घुटमळला आणि मग कुणी ओढून घ्यावा तसा वर गेला. लीस्बेतने द्राक्षाच्या काटक्या टाकल्या, त्यावर ओकचा ओंडका. पेट घेतला. हॉलंडवालीच्या कपाळाला काजळी लागली होती आणि ती पोरीसारखी खुश दिसत होती. अर्कांजेलाने कोटाची बटणं काढली.

आता दोनाताने उठायला हवं होतं. काम झालं होतं. पण तिच्या मनात जे तीन दिवस घोळत होतं ते तिला गिळवेना.

"दोनदा वाढून घेतलंस म्हणे," ती म्हणाली. "लाल. मला दाखवायला."

चौदा वर्षांत पहिल्यांदा अर्कांजेलाने तिच्याकडे सरळ बघितलं.

"तुला दाखवायला?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. "दोनाता, मला भूक लागली होती."

तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तो गेला त्याच्या आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. दफनभूमीतून आले, इथे बसले. सगळ्या गल्लीत शिजत होतं. हिचे वाटाणे, लूचाचे बटाटे. तुझा रस्सा पण. तो मी ओळखते, तू त्यात सेलरीची पानं जास्त घालतेस. एवढे सगळे वास येत होते आणि दाराशी कुणी येत नव्हतं. मला वाटलं, आता येतील. दुपार गेली. त्याचे बूट तिथे, मी इथे. मग ही आली. ट्रेमध्ये लाल होतं की निळं होतं, मी बघितलं नाही."

उंबऱ्यावर सावेरियाने मान खाली घातली. तिलाही आता वाटाण्यांची लाज वाटत असावी.

"मी निघाले होते," दोनाता म्हणाली. "भांडं हातात होतं."

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. पण साक्षीदार समोरच उभी होती, काजळी पुसत. "ही बाहेर पडली तेव्हा," दोनाता म्हणाली. "मला भीती वाटत होती. तू परत पाठवशील म्हणून."

"पाठवलंही असतं," अर्कांजेला म्हणाली. "मला माहीत नाही. पण ते मी ठरवायचं होतं ना? तू तुझ्या घरात बसून माझ्या वतीने ठरवून टाकलंस."

दोनाताने नजर चुलीकडे वळवली. तिला वाईट वाटत होतं, आणि ते वाईट वाटणं रागासारखं उबदार नव्हतं. त्यात कुणाला दोष देता येत नव्हता, एवढंच.

अर्कांजेला उठली, पातेल्यात पाणी घेतलं आणि आगीवर टांगलं. पहिल्या आगीवर शिजलेलं पहिलं अन्न घरची बाई आणि आग पेटवणारी मिळून खातात. तिने फळीवरून दोन ताटं काढली. "कुम्मा," ती म्हणाली, "मीठ घे त्या डब्यातलं." दोनाता चौदा वर्षांपूर्वीच्या सवयीने अर्धी उठली. पण अर्कांजेला लीस्बेतशी बोलत होती, आणि लीस्बेत मीठ शोधत होती, चुकीच्या फळीवर.

"खालच्या फळीवर," दोनाता म्हणाली, आणि पूर्ण उठली. शाल डोक्यावरून घेतली. सावेरियाने तिच्यासाठी वाट सोडली. गल्लीत अजून थोडा उजेड होता.

"दोनाता," मागून आवाज आला. नुसतं नाव. ती थांबली.

"उद्यापासून घरी शिजेल," अर्कांजेला पाण्याकडे बघत म्हणाली. "पण एकट्यासाठी कोण शिजवतं? शेजारणी येतात चौथ्या दिवसापासून. कुणीही येतं, क्रम नसतो."

दोनाताने दाराची चौकट धरली. "कधी येऊ?"

"भूक लागायच्या आधी," अर्कांजेला म्हणाली.

दोनाता "बरं" म्हणाली, आणि धूर उलटा येऊ नये म्हणून जाताना दार ओढून घेतलं.